पुढच्या चाकांना पाणी

९ जानेवारी १९५९, माण

आज जीप आणली.

खडकीच्या लष्करी लिलावात मी हात वर केला आणि दुसऱ्या कुणी केलाच नाही, त्यामुळे ती माझी झाली. पैसे कुठून आणले ते इथे लिहीत नाही. आईला वाचता येत नाही, पण वाचून दाखवणारे गावात पुष्कळ आहेत. गाडी लढाईत कुठेकुठे हिंडून आलेली आहे. स्टिअरिंग डाव्या हाताला. बॉनेटवरच्या हिरव्या रंगाखालून एक पांढरी चांदणी अजून दिसते.

सगळा गाव गोळा झाला. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हळदकुंकवाचा करंडा हातात घेऊन घोटाळली. म्हणाली, "हिला शिंगं न्हाईत, मंग लावू कुटं?" शेवटी दोन्ही दिव्यांना लावलं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते गियरच्या दांड्याशेजारच्या दोन छोट्या दांड्यांचं. लिलावातल्या माणसाने सांगितलं की एक ओढली की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळते, आणि दुसरी ओढली की गाडी मुंगीच्या चालीने पण हत्तीच्या जोराने चालते. पुढची चाकं नुसती वळायला असतात असं मी आजवर समजत होतो. तिशी उलटली आणि हे आज कळतंय.

गर्दी पांगल्यावर रत्ना आली. टायरच्या जाड दात्यांमधून बोट फिरवत म्हणाली, "ह्ये दात कशाला?"

"चिखलात रुतू नये म्हनून."

"चिखल म्हंजी केवढा?"

मला हसू आलं. चिखल काय शेरापायलीने मोजतात? पण बायकोने यंत्राबद्दल विचारावं याचं बरंही वाटलं.

१६ जानेवारी

शेजारच्या सखूचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. आमच्याकडे मुराळ्याचं काय कौतुक! दारात पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी, पुरणाचं जेवण, आणि निघताना खांद्यावर कोरा टॉवेल. तो न आवडणारा मेव्हणा असला तरी हे चुकत नाही. मुराळी आल्याशिवाय सुनेने माहेरासाठी उंबरा ओलांडायचा नाही, हा आमच्या आईचा कायदा.

रत्नाला भाऊ नाही. सासरे होते तोवर ते स्वतः यायचे. चार पावसाळ्यांमागे ते वारले, कमळीच्या जन्माआधी थोडे दिवस. त्यामुळे बाळंतपणही इथेच झालं, आणि तेव्हापासून आमच्या दारात मुराळी आलेला नाही. रत्ना कधी तक्रार करत नाही. स्वभावाने समाधानी आहे.

तिचं माहेर जांभूळटेप, मुळशीच्या धरणापलीकडे. गावाचा जुना रस्ता पाण्याखाली गेला, तेव्हापासून पाण्याला वळसा घालून रानातून दीड दिवस चालायचं. तिथल्या ठाकरवाडीतला मंगळ्या अधूनमधून शिकेकाई घेऊन इकडे उतरतो. आज आला होता. ओट्यावर टेकत रत्नाला म्हणाला, "बाय, साळूबाईच्या डोळ्यांचं काय खरं न्हाई. देवी टोचाया डाक्तर आलता, त्यो म्हनला काचबिंदू हाय, गेलेली नजर माघारी येत न्हाई. आता वीतभर लांबचं तेवढं दिसतंया. म्हातारी म्हनती, दिसतंया तवर नात दावा."

साळूबाई म्हणजे माझ्या सासूबाई. रत्नाने मंगळ्याला चहा दिला, भाकरी दिली, तिळाचे लाडू फडक्यात बांधून दिले. मग मी त्याला जीप दाखवली. त्याने चाकावर एक लाथ मारून पाहिली आणि वाटेला लागला. रानातली माणसं, त्यांना यंत्राचं काय!

२ फेब्रुवारी

नाना पेठेतल्या भिवाजी मिस्त्रीकडे जीप नेली. हा पूर्वी पलटणीत होता. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून तो बराच वेळ ऐकत बसला. मग म्हणाला, "राव, तुमाला लढाई करायची हाय का मंडईत जायचंय?"

"मंडईत."

"मंग ह्यातलं निम्मं लोखंड काढून टाका."

मला पटलं. पुढच्या चाकांना ताकद नेणारा जो लांब दांडा आहे तो विनाकारण फिरत राहतो आणि पेट्रोल पितो. दातेरी टायर डांबरी रस्त्यावर इतके भुणभुणतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्याने दांडा काढला, गुळगुळीत टायर चढवले. वर पत्र्याचं छत, मागे समोरासमोर बाक, त्यावर रेक्झिनच्या गाद्या असं ठरलं.

मी विचारलं, "आन कदी पुढची चाकं लागलीच तर?"

"पौड रोडला कसला आलाय डोंगुर?" म्हणाला.

काढलेलं सामान भंगारवाल्याला देणार होतो. रत्ना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. कामाला येतंय." तिने ते सगळं माळ्यावर चढवलं. बायकांना काही टाकवत नाही. फुटक्या रांजणाचा कानही हिने ठेवलेला आहे.

११ फेब्रुवारी

आज एक गंमत पाहिली. माळ्यावरचा तो दांडा खाली घेऊन रत्ना त्याला करडीचं तेल चोळत होती. लेकराला चोळावं तसं, सांध्यासांध्यात बोट घालून. मग गोणपाटात गुंडाळून पुन्हा वर ठेवला. त्याचे नटबोल्ट कमळीच्या दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात. चारी टायर एकावर एक, आणि मधल्या पोकळीत कांदे. कांद्यांची सोय बरी झाली.

२२ फेब्रुवारी

पहिली पुणे फेरी! पहाटे वांगी आणि दूध घेऊन निघालो, ऊन तापायच्या आत मोकळा. परत येताना अंगात कोट घालून, मुद्दाम लक्ष्मी रस्त्याने, हळूहळू. गाडी लोण्यासारखी चालते. चौकातल्या पोलिसाने मला कुणी साहेब समजून हात आडवा करायचा तो वरच नेला. मीही मान हलवली. नांद्याजवळ दोन ओळखीचे चालत होते, त्यांना बसवून घेतलं, तर गादीवरून उठायला तयार होईनात.

भिवाजी म्हणतो ते खरं आहे. नको ते काढून टाकलं की गाडी सुखी आणि माणूसही सुखी.

१८ मार्च

दुपारी रत्नाने त्या दोन बिनकामाच्या दांड्यांचा विषय पुन्हा काढला. मग मीही रंगात आलो. कोळशाने ओट्यावर सबंध जीप काढली: इथे इंजिन, इथून मागे एक दांडा, इथून पुढे एक. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी मागली चाकं ढकलत्यात, आन पुढली वढत्यात. बैलगाडीला मागनं मानसांनी रेटा द्यावा तसं."

याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं. मी शाबासकी दिली. शेवटी तिने विचारलं, "आन परत जोडायला किती येळ लागंल?"

"भिवाजी असला तर एका दुपारचं काम."

ती मान हलवून दळण घ्यायला गेली. मुलगा असती तर नक्की मिस्त्री झाली असती.

२९ एप्रिल

आज फजिती झाली. आहे तशी लिहितो.

रत्ना कधी काही मागत नाही. परवा म्हणाली, "मला धरण दावा." म्हटलं चला. कमळीला घेतलं, पौड ओलांडलं, धरण पाहिलं. तर म्हणाली, "आनखी जरा फुडं." पाण्याच्या काठाकाठाने बैलगाडीची वाट संपेपर्यंत गेलो. तिथे उतरलो आणि मी पाहतच राहिलो.

पाणी खूप खाली गेलेलं होतं आणि उघड्या पडलेल्या तळातून एक रस्ता निघाला होता. दोन्ही बाजूंना रचलेले दगड, मध्ये एक शाबूत मोरी, कडेला चिंचेचे काळे बुंधे. तीस-पस्तीस वर्षं पाण्यात बुडून पुन्हा वर येणारा रस्ता!

"दर वैशाखात उगडा पडतुया," रत्ना म्हणाली. "ल्हानपनी मी बासंगं ह्याच वाटंनं मिठाला यायची. पार वाडीच्या खाली जातुया." तिने समोरच्या निळ्या डोंगराकडे बोट केलं. "त्यो बगा आमचा टेप."

कमळीने विचारलं, "तितं कोन ऱ्हातं?" ती म्हणाली, "आजी."

मला चेव चढला. म्हटलं बघ आपली जीप काय करते ते, आणि घातली खाली. मोरीच्या अलीकडे एका जागी रस्त्याचे दगड खचलेले आहेत आणि त्यावर गाळ साचला आहे. वरून पापडासारखा वाळलेला, खाली पिठलं. पुढची चाकं पलीकडच्या दगडांवर चढली आणि मागची बसली. गुळगुळीत टायर जागच्या जागी फिरून स्वतःची कबर खणू लागले. पत्र्याचं छत आणि बाक यांचा सगळा भार मागेच. जितका जोर करावा तितकी खोल.

रत्ना खाली उतरली. जिपेभोवती एक फेरी मारून पुढच्या चाकांपाशी थांबली.

"पुढली कोरडी हायेत," एवढंच म्हणाली.

शेवटी एका धनगराने दोन म्हशी जुंपून बाहेर ओढलं. हसत होता.

३० एप्रिल

रात्रभर एकच विचार: पुढची चाकं कोरडी होती. कोरड्या दगडावर घट्ट उभी होती आणि त्यांना काही काम नव्हतं. त्यांना ताकद मिळाली असती तर त्यांनी मागच्यांना उचलून घेतलं असतं. बैल सोडून देऊन मी गाडी नुसत्या रेट्यावर हाकत होतो. राग भिवाजीवर काढावा असं वाटलं, पण मंडईत जायचंय असं मीच सांगितलं होतं.

चहा घेताना रत्नाला म्हटलं, "एकदा सगळं जोडून त्या गाळात घालून बघाय पायजे. नुसतं बघाय, काय होतंय ते."

मी बोलून संपवायच्या आत ती माळ्यावर होती. वरून एकेक वस्तू खाली देत गेली. दांडा, तेलाने चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. नटबोल्टचा डबा, एकही कमी नाही. कांदे आधीच काढून ठेवलेले होते. हिच्या साठवणीच्या सवयीला मी उगीच नावं ठेवत होतो.

विचारलं, "रस्ता कवर उगडा ऱ्हातो?"

"मिरगापातूर."

म्हटलं, "मंग एकदा तुज्या आईलाबी जीप दाखवून आनू."

ती माळ्यावरून उतरली. चुलीपाशी जाऊन बराच वेळ फुंकणी फुंकत बसली, डोळे लाल होईपर्यंत. चैत्र सरत आला, लाकडं ओली कशी राहिली कळत नाही.

१७ मे

भिवाजी स्वतः माणला आला आणि कुरकुरत सगळं जोडून गेला. "एकदा काड म्हनायचं, एकदा जोड म्हनायचं." छत उतरवलं, बाक उतरवले, दातेरी टायर चढवले. गाद्या मात्र पुढच्या सीटवर बांधल्या, कमळीसाठी. जाता जाता त्याने एक युक्ती सांगितली. गाळात घालण्याआधी टायरची निम्मी हवा सोडायची. टायर पसरतो आणि गाडी उंटाच्या पायाने चालते. हे मला फारच आवडलं. तळ्याकाठी जाऊन दोनदा करून पाहिलं.

आता अडचण आईची. आज तिने विषय काढलाच. "मुराळी न्हाई, सांगावा न्हाई, सून अशीच निगाली व्हय?"

"अगं, मी हाय की."

"नवरा आनाया जातो. पोचवाया जात न्हाई. लोक म्हनत्याल, टाकली."

रत्ना भाकऱ्या थापत होती. हात थांबला नाही, पण भाकरी एका बाजूला जाड झाली. मला आईशी वाद घालता येत नाही, कधीच आला नाही. म्हटलं, बघू. मृग जवळ येतोय आणि धरणाकडचं आभाळ दुपारचं काळवंडतं. एकदा पाणी चढलं की पुढच्या वैशाखापर्यंत गाळात पुढची चाकं काय करतात ते कळायचं नाही.

२६ मे

निघतोय. घाईत लिहितो.

काल मंगळ्या येऊन गेला. साळूबाईला आता तळहाताएवढ्यावरचंच दिसतं, असं म्हणाला. तो गेल्यावर आईने मुराळ्याचा विषय काढला नाही. मीही धीर करून सांगितलं की उद्या जाणार.

सकाळी जीप दारात लावली. रत्ना नवं लुगडं नेसून, घागरीत पाणी घेऊन बाहेर आली आणि पुढच्या दोन चाकांवर ओतलं. आधी डाव्या, मग उजव्या. हाताने चोळून. म्हटलं, "आता गाळातच जायचंय, धुतीस कशाला?" ती हसली फक्त. मग कुंकवाचं बोट लावून गुळाचा खडा बॉनेटवर ठेवला. कमळीने तो लगेच पळवला.

आई उंबऱ्यात उभी राहून हे सगळं पाहत होती. मला वाटलं, आता सुरू होणार. पण ती आत गेली, ट्रंकेचा आवाज आला, आणि कोरा, घडीचा टॉवेल आणून तिने बॉनेटवर टाकला. "जावा," म्हणाली. "संबाळून न्या."

आईलाही अखेर जिपेची किंमत कळली. टॉवेल कामाला आला. काच पुसली, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी पुसली.

२८ मे, जांभूळटेप

निघालो. पोचलो. जमलं.

खचलेल्या जागेशी थांबून हवा सोडली. दोन्ही दांड्या ओढल्या. रत्ना लुगड्याचा काचा मारून हातात काठी घेऊन पुढे चालत होती, गाळात काठी खुपसून पाहत होती. "हितनं या. हितं फरशी हाय." मोरीचा कठडा कुठे तुटलाय, ओढा कुठे आडवा येतो, सगळं तिला पाठ. मी तिच्या पाठीकडे बघत चालवत होतो. मागची चाकं बसली. मग पुढच्या चाकांनी दात रोवले, जीप कण्हली आणि बैल उठून उभा राहावा तशी वर आली. आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल. मी ओरडलो. रत्नाने मागे वळून पाहिलं. तिचं तोंड गाळाने माखलेलं होतं आणि ती रडत होती. मला वाटलं, काठी लागली.

वाडीत सगळी माणसं बाहेर आली. साळूबाई दारातल्या दगडावर बसली होती. रत्नाने कमळीला तिच्या मांडीवर दिलं. म्हातारीने पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून स्वतःच्या नाकाला नाक लागेल इतकं जवळ घेतलं आणि उन्हाकडे वळवलं. एक बाजू पाहिली, मग दुसरी. कमळी एरवी क्षणभर स्थिर राहत नाही, पण हलली नाही.

"कपाळ ह्यांचं हाय," म्हातारी म्हणाली. "रत्ने, तुज्या बाचं कपाळ हाय. बगितलं बाई मी."

मग तिने विचारलं, "कोन आलं हुतं गं न्यायाला?"

मी पुढे होऊन म्हणणार होतो, मी. पण रत्नाने आईचा हात धरून जिपेपाशी नेला आणि बॉनेटवर ठेवला. ते अजून गरम होतं.

"ह्यो," ती म्हणाली.

म्हातारी बॉनेट चाचपत राहिली. "मुराळी आला का तुजा?"

"व्हय."

"पाय धुवायला पानी दिलंस न्हवं ह्याला?"

"दिलं. दोनी पायांना."

"आन टावेल?"

"त्यो सासूबायनी दिला."

मी तिथेच उभा होतो, हातात तो टॉवेल. तेलाने काळा झालेला. कुठे बघावं कळेना. तेल चोळलेला दांडा, डब्यातले नटबोल्ट, कोळशाने काढलेली जीप, फुंकणी, सगळं एकदमच डोळ्यांसमोर आलं. जानेवारीपासून ही बाई एकच गोष्ट विचारत होती आणि मी तिला टायर समजावून सांगत होतो. माझ्या आईला ते पाण्याच्या एका घागरीत समजलं.

ओढ्यावर जाऊन टॉवेल धुतला. डाग जात नाहीत. तसाच वाळवून जिपेच्या खांद्यावर, म्हणजे काचेच्या चौकटीवर, घडी घालून ठेवला.

५ जून, माण

रत्नाला तिथे ठेवून आलो होतो. काल आणायला गेलो. नवरा आणायला जातो.

निघताना साळूबाई पुन्हा जिपेपाशी आली. म्हणाली, "फुडल्या वैशाखाला मला दिसंल न दिसंल. पन ह्येचा आवाज मी वळखीन. खालच्या फरशीवर आला की भुणभुणतोय."

परतताना मोरीला पाणी लागलं होतं. रत्ना शेजारी गादीवर बसली होती, काठी मांडीवर. घोटवड्याजवळ तिला म्हटलं, "तोंडानं सांगायचं हुतंस की." ती म्हणाली, "सांगून तुमी आला असता. मुराळी आला नसता."

८ जून

भिवाजीकडे हवा भरायला गेलो. छत आणि बाक पुन्हा बसवायला सांगितले, मंडई सुटलेली नाही. त्याने खाली वाकून पाहिलं. "आता दांडा काडायचा न्हवं? आन ते गुळगुळीत टायर चडवू?"

नको म्हटलं.

"राव, पेट्रोल पितंय. आन डांबरीवर लई भुणभुणत्यात, कान किटतील."

"भुणभुणू देत," म्हटलं. "तिकडं ऐकनारं मानूस हाय."